स्फोट ऐकू येतात, संवाद ऐकू येत नाहीत : स्पीकर नेमके ठेवायचे कुठे?

उपद्व्यापी (धागाकर्ता), गुरुवार रात्री १०:०५

मंडळी, दोन महिन्यांपूर्वी हौसेने ५.१ चा संच घेतला. सगळ्या स्पीकरांना आवाज पुरवणारा रिसीव्हर, पुढचे दोन उभे स्पीकर, त्यांच्या मधला एक सेंटर, मागचे दोन छोटे आणि नुसता खर्ज वाजवणारा दहा इंची सबवूफर, म्हणजे सब. जोडणी माझी मीच केली. वायरी भिंतीच्या कडेने प्लास्टिकच्या पट्टीतून इतक्या सफाईने नेल्या की बघणारे वायरींचं कौतुक करतात. आवाजाचं अजून कुणी केलेलं नाही.

तक्रार अशी आहे. पडद्यावर दोघं हळू आवाजात बोलायला लागले की आवाज ४५ वर न्यावा लागतो. पुढच्या मिनिटाला कुणीतरी दार आपटतं, घर हादरतं, की लगेच २८ वर. अडीच तास रिमोट हातातच. आई म्हणते, "जुन्या टीव्हीत बरं सगळं कळायचं." ती खरं बोलतेय, म्हणूनच जास्त झोंबतं.

खोली १५ फूट लांब, ११ फूट रुंद, छत १० फुटांवर. टीव्ही ११ फुटी भिंतीवर, सोफा बरोबर समोरच्या भिंतीला टेकून. सेंटर टीव्हीखालच्या कपाटाच्या मधल्या खणात. पुढचे दोन कपाटाच्या दोन बाजूंना, पाठ भिंतीला. मागचे दोन सोफ्यामागच्या भिंतीवर, वरच्या दोन कोपऱ्यांत, साधारण ८ फूट उंचीवर. सब सोफ्याशेजारच्या कोपऱ्यात, कारण तिथे प्लग होता.

एक मित्र म्हणतो रिसीव्हर बदल, दुसरा म्हणतो सेंटर मोठा घे. पुन्हा पैसे घालण्याआधी इथे विचारावं म्हटलं.

पडघम, गुरुवार रात्री १०:४८

"कारण तिथे प्लग होता." अहो, निम्म्या जगाच्या होम थिएटरचा आराखडा इलेक्ट्रिशियनच आखून जातो. तुम्ही एकटे नाही.

काहीही विकत घेऊ नका. रिसीव्हर बदललात तर तोच आवाज नव्या रिसीव्हरमधून येईल.

आपण सगळे स्पीकर कुठे ठेवायचे इथून सुरुवात करतो. खरी सुरुवात कान कुठे ठेवायचे इथून होते. म्हणून आधी सोफा.

खर्जाच्या लाटा लांबलचक असतात. ध्वनी सेकंदाला साधारण ११२५ फूट धावतो, म्हणजे ४० हर्ट्झची एक लाट झाली २८ फुटांची. ती तुमच्या खोलीत मावतच नाही. समोरासमोरच्या भिंतींवर आपटून ती एका जागी डोलत राहते, काही ठिकाणी फुगते, काही ठिकाणी मरते. कुठल्या सुरावर हे होणार ते काढायला ११२५ ला लांबीच्या दुपटीने भागा. १५ फुटांना साडेसदतीस हर्ट्झ, ११ फुटांना ५१, छताच्या १० फुटांना ५६. आणि भिंतीपाशी ही लाट नेहमी फुगलेलीच असते. तुम्ही डोकं नेऊन टेकवलंय ते नेमकं तिथे. दार आपटल्यावर घर हादरतं त्यातला मोठा वाटा या फुगवट्याचा आहे. शिवाय डोक्यामागच्या भिंतीवरून संवादाचा पडसाद जेमतेम एक-दोन मिलिसेकंदांत परत येतो आणि मूळ आवाजात कालवला जातो. शब्द ऐकू येतात पण चटकन कळत नाहीत, ते यामुळेही.

म्हणून सोफा पुढे घ्या. पाठ आणि भिंत यांत २ फूट आले तरी कान भिंतीपासून ३ फुटांवर येतात. आणखी घेता आला तर उत्तमच, पण खोलीच्या अगदी मध्यावर नको. तिथे साडेसदतीसची लाट मेलेली असते, खर्ज गायब होईल आणि तुम्ही नवा सब घ्यायला निघाल.

आता पुढचे दोन. पुस्तकी कोन मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना ३० अंश. १९९२ साली आलेल्या आयटीयूच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या, शिफारशीत तेच आहे. डॉल्बी २२ ते ३० पर्यंत मोकळीक देते. स्पीकरचं तोंड टीव्हीच्या भिंतीपासून २ फूट पुढे धरलं तर तुमचे कान तिथून १० फुटांवर येतात. ३० अंश हवे तर दोघांत साडेअकरा फूट अंतर लागेल आणि तुमची भिंतच ११ फुटांची. ८ फूट ठेवा, कोन २२ च्या आसपास येईल, बाजूच्या भिंतींपासून दीड-दीड फूटही सुटेल. सुतळी घ्या, एक टोक सोफ्याच्या मधल्या जागी कानाच्या उंचीवर कुणाच्या तरी हातात द्या, दुसरं आधी डाव्या स्पीकरला लावा, मग उजव्याला. दोन्हीकडे सुतळी तितकीच भरली पाहिजे. चार इंचांचा फरकही कळतो. तोंडं थोडी आत वळवा, जणू दोघं तुमच्या डोक्यामागे फूटभर असलेल्या कुणाकडे बघताहेत. मग सवडीने कमीजास्त करा, यात पोथीनिष्ठा नको.

मागच्या दोघांना आधी त्या कोपऱ्यांतून सोडवा. ५.१ मध्ये "मागचे" हे नावच फसवं आहे, ते खरे बाजूचे. नाकासमोरची दिशा शून्य धरली तर दोघांची जागा १०० ते १२० अंशांत, म्हणजे कानाच्या रेषेच्या जरासं मागे. तुमच्या खोलीत बाजूच्या भिंतींवर, कानापासून २ फूट मागे. उंची कानाच्या वर फूट-दीड फूट, म्हणजे शेजारी बसलेल्याचं डोकं आड येत नाही. ८ फुटांवर नको.

सेंटरवर वेगळं लिहितो, आधी त्या खणाचं माप सांगा.

एकटा_कावळा, गुरुवार रात्री ११:०२

एवढी भूमिती करण्यापेक्षा टीव्हीखाली ठेवायचा एकच लांब स्पीकर, चांगला साउंडबार, घ्या आणि झोपा.

तिसरी_घंटा, गुरुवार रात्री ११:३०

कावळेबुवा, ज्याच्या घरात पाच स्पीकर आधीच येऊन पडलेत त्याला हा सल्ला म्हणजे लग्नाच्या मांडवात स्थळ सुचवण्यासारखं आहे.

मी हौशी नाटकांना ध्वनी देते, त्यामुळे सेंटरबद्दल दोन शब्द माझेही. आवाज माणसाच्या तोंडून यावा ही खोड जुनी आहे. ॲलन ब्लमलाइन नावाचा इंग्रज अभियंता बायकोबरोबर बोलपट बघायला गेला असताना, नट पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज भलतीकडून येतो, हे पाहून वैतागला, अशी गोष्ट सांगतात. डिसेंबर १९३१ मध्ये त्याने स्टीरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला.

पण दोन स्पीकरांनी मध्ये उभा केलेला आवाज हा भास असतो आणि तो फक्त मधोमध बसलेल्याला होतो. सोफ्याच्या डाव्या टोकाला बसलात की डाव्या स्पीकरचा आवाज काही मिलिसेकंद आधी पोचतो, आणि कानाला सवय आहे आधी पोचलेल्याचं खरं मानायची. हेल्मुट हासने १९४९ साली या सवयीवर प्रबंध लिहिला, म्हणून त्याच्या नावाने ती ओळखतात. तर टोकाला बसलेल्या मावशींनाही संवाद पडद्यातून यावा म्हणून सेंटर. सिनेमातलं बहुतेक बोलणं एकट्या त्यातूनच येतं. त्यालाच कपाटात कोंडून ठेवलं तर बिचारा बोलणार काय?

उपद्व्यापी, उद्या एक करा. जमिनीवर आडवे व्हा आणि सेंटरच्या जाळीला गाल लावून सोफ्याकडे बघा. काय दिसतं ते सांगा.

गुणगुण, शुक्रवार सकाळी ९:१२

वाचतेय. आमच्याकडे सोफा हलवणं शक्य नाही, मागे भिंत आणि पुढे जाण्यायेण्याची वाट. आम्ही काय करावं?

पडघम, शुक्रवार सकाळी ९:४०

मग भिंतच मऊ करा. डोक्यामागे दोन-तीन फूट उंचीचा जाड मऊ पट्टा, ३-४ इंच जाडीचा काचतंतूचा किंवा दगडी लोकरीचा तक्ता कापडात गुंडाळून लावला तरी बोलण्याच्या पट्टीतला पडसाद बराच शोषला जातो. नुसता पडदा किंवा अंड्याच्या खोक्यासारखा स्वस्त फोम फक्त वरचे सूर खातो, मग आवाज मंद होतो आणि घुमणं तसंच राहतं. बाजूचे दोन मागच्या भिंतीवर न लावता थेट कानाच्या रेषेत, ९० अंशांवर घ्या. खर्जाचा फुगवटा मात्र राहणारच, तो सबच्या जागेने आणि रिसीव्हरमधल्या आवाज-दुरुस्तीच्या सोयीने खाली आणायचा. फुगवटा कापता येतो हे त्यातल्या त्यात बरं. खळगा असता तर भरून काढता आला नसता.

उपद्व्यापी, शनिवार रात्री ९:२०

अहवाल.

काल रात्री तिसरी_घंटा यांनी सांगितल्याप्रमाणे सेंटरला गाल लावून आडवा झालो. वर खणाची फळी, खाली खणाची फळी आणि मधल्या फटीतून आईचे गुडघे. तोंड कुणाचंच नाही. दोन महिने तो स्पीकर इमानेइतबारे सगळ्यांच्या गुडघ्यांशी बोलत होता.

खण १६ इंच खोल आहे आणि मी स्पीकर मागे रेटून ठेवला होता, पुढून नीटनेटका दिसावा म्हणून. म्हणजे तोंडापुढे ५ इंच फळी. आज बाहेर ओढला, आता त्याचं तोंड फळीच्या कडेच्या चिमूटभर पुढे आहे. खणाच्या उरलेल्या जागेत दोन जुन्या उशा कोंबल्या. मग तोंड वर करायचं होतं. सुतळी आणि मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक लावून मोजलं, ट्वीटरपासून (वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या पडद्यापासून) कानापर्यंत चढ ११ अंशांचा निघाला. त्याच कंपासपेटीतले दोन खोडरबर खाली सरकवले. अगदी ११ नसतील, पण आता गाल लावून बघितलं की आईचा चष्मा दिसतो.

सोफा २ फूट पुढे आला. घरात यावर चर्चा झाली, तपशील देत नाही. पुढचे दोन ८ फुटांवर. पहिल्यांदा सुतळी धरली तेव्हा उजव्या बाजूला साडेसहा इंच जास्त भरली होती. मी डोळ्यांनी सारखं लावलं होतं!

फरक? काल ज्या प्रसंगात ४५ लागत होते तो आज ३७ वर समजला. आवाज डब्यातून येत होता तो बंद झाला. पण दार आपटल्यावर घर अजून हादरतंच, आणि मागच्या दोघांना नव्या जागी आणूनही हेलिकॉप्टर डावीकडून निघतं, डोक्यामागे कुठेतरी विरघळतं आणि उजवीकडे उगवतच नाही.

पडघम, शनिवार रात्री ९:५५

गुडघे! हे वाक्य मी वापरणार आहे.

घर हादरतं कारण सब अजून कोपऱ्यात आहे. कोपऱ्यात खोलीच्या तिन्ही दिशांच्या लाटा एकदम चाळवल्या जातात, म्हणून तिथे आवाज सगळ्यात मोठा. ज्याला फक्त मोठा हवा त्याला कोपरा गोड लागतो. उरलेल्यांना एक सूर ठणाणतो, दुसरा ऐकूच येत नाही, आणि सगळं धप्प-धप्प एकसारखं होतं.

रांगायचं. चेष्टा नाही. सब उचलून सोफ्यावर ठेवा, तुम्ही बसता तिथेच, लांब केबल लागेल. जिच्यात खर्ज एकेक सूर चढत-उतरत चालतो अशी चाल लावा, नुसता ढोल नको. आणि मग तुम्ही भिंतीकडेने गुडघ्यांवर रांगत फिरा, कान सब असेल त्या उंचीवर. कोपऱ्यात ऐका, फूटभर सरका, पुन्हा ऐका. जिथे सगळे सूर सारख्या वजनाने ऐकू येतील तिथे खूण करा आणि सब तिथे ठेवा. आवाज करणारा आणि ऐकणारा यांनी जागा बदलल्या तरी खोलीचा परिणाम तोच राहतो, म्हणून ही उलटी युक्ती चालते.

रिकामी_खोली, शनिवार रात्री १०:१०

सबला दिशा नसते म्हणतात ना, मग कुठेही ठेवला तर काय बिघडतं?

पडघम, शनिवार रात्री १०:२२

दिशा कळत नाही हे बरोबर, साधारण ८० हर्ट्झच्या खाली. पण "कुठून येतंय ते कळत नाही" आणि "कुठेही ठेवलं तर सारखंच वाजतं" या दोन गोष्टी वेगळ्या. दुकानात पहिली ऐकवतात, आपण दुसरी समजून घरी येतो.

आणि उद्या कुणी विचारण्याआधीच सांगतो : दोन सब एकट्या मोठ्या सबपेक्षा बरे का, तर हो, एकापेक्षा जास्त जणांनी ऐकायचं असेल तर. हार्मन या ध्वनियंत्रांच्या कंपनीतल्या टॉड वेल्टीने २००२ साली चौकोनी खोल्यांवर काम करून दाखवलं की दोन सब समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवले तर खुर्चीगणिक पडणारा फरक बराच कमी होतो. चारांच्या पुढे फारसा फायदा नाही, हेही त्याच कामातलं. पण उपद्व्यापी, तुम्ही आत्ता एकच नीट बसवा.

एकटा_कावळा, शनिवार रात्री १०:४०

साउंडबारला रांगावं लागत नाही.

उपद्व्यापी, रविवार दुपारी ४:१५

रांगलो.

सब सोफ्यावर विराजमान, मी खाली. पहिल्या फेरीत चिरंजीव पाठीवर बसले, त्यामुळे ती फेरी बाद. दुसऱ्या फेरीत जुना कोपरा ऐकला आणि खरंच चकित झालो. चालीतले दोन सूर अंगावर येत होते आणि त्यांच्या मधले तीन जवळजवळ नव्हतेच. बाजूच्या भिंतीच्या मध्यावर तर उलटी गत, तिथे सगळंच पातळ. समोरच्या भिंतीपाशी, डाव्या स्पीकर आणि कपाटाच्या मधल्या जागेत, कोपऱ्यापासून साधारण साडेतीन फुटांवर सगळे सूर एका ओळीत उभे राहिले. तिथून अर्धा फूट इकडे-तिकडे झालं तरी ओळ मोडायची.

सब तिथे गेला. प्लग नव्हता, एक्स्टेंशन बोर्ड घेतला. दार आता आपटतं तेव्हा दार आपटल्यासारखं वाटतं. आधी ट्रक धडकल्यासारखं वाटायचं.

हेलिकॉप्टर अजून हरवतंय.

तिसरी_घंटा, रविवार दुपारी ४:५०

मला पहिल्यापासून एक संशय आहे. त्या सुंदर पट्टीतल्या वायरी तुम्ही कशा ओळखल्या? दोन्ही तारा एकाच रंगाच्या आहेत का?

उपद्व्यापी, रविवार दुपारी ४:५८

हो, पारदर्शक आवरण आहे, दोन्ही तांब्याच्या. का?

तिसरी_घंटा, रविवार संध्याकाळी ५:२०

अशा वायरीत एका तारेच्या आवरणावर बारीक रेघ किंवा उठाव असतो. बोट फिरवून किंवा उजेडात धरून सापडतो. ती तार रिसीव्हरकडे लाल खुंटीला असेल तर स्पीकरकडेही लालच. एका बाजूच्या स्पीकरची लाल-काळी उलटी झाली असेल तर डाव्याचा पडदा बाहेर येतो तेव्हा उजव्याचा आत जातो. दोघं एकमेकांचं खोडत बसतात. बिघडल्यासारखं काही वाटत नाही, आवाज दोन्हीतून येतो, म्हणून वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. फक्त दोघांच्या मध्ये काही उभंच राहत नाही.

तपासायचं असं : दोन्ही बाजूंना एकच आवाज जाईल अशी सोय करा, बहुतेक रिसीव्हरमध्ये सगळ्या स्पीकरांतून स्टीरिओ वाजवायचा पर्याय असतो. त्यात एकट्या माणसाचं बोलणं लावा आणि फक्त त्या दोघांच्या मध्ये तोंड करून उभे राहा. जोडणी बरोबर असेल तर बोलणारा एका बिंदूत उभा राहतो. उलटी असेल तर तो पसरतो, डोक्याभोवती कुठेही तरंगतो, आणि त्याच्या आवाजातला भरणा जातो. शंका राहिली तर दोन्ही वायरी रिसीव्हरकडून सोडवा आणि त्यांच्या टोकांना साधा दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, अधिक टोक लालच्या तारेला. वूफरचा, म्हणजे स्पीकरमधला मोठा, पडदा बाहेर उचलला गेला तर बरोबर, आत ओढला गेला तर उलटी. धरून ठेवू नका, टिचकी मारल्यासारखं टेकवून सोडा.

नाटकाच्या एका प्रयोगाला मीच ही चूक केली होती. पहिल्या अंकात सूत्रधाराचा आवाज प्रेक्षागृहात भूत झाल्यासारखा फिरत होता, आणि लोकांना वाटलं ते मुद्दाम केलंय.

उपद्व्यापी, रविवार संध्याकाळी ६:४०

उजव्या बाजूचा उलटा.

सेलची गरजच पडली नाही. पट्टी उघडून बोट फिरवलं, उठाव लागला, तो रिसीव्हरकडे लालमध्ये आणि स्पीकरकडे काळ्यात. कौतुक झालेल्या त्याच वायरी. बदलल्यावर हेलिकॉप्टर पूर्ण फेरी मारून गेलं.

आता रिसीव्हरबरोबर आलेल्या माइकने स्पीकरांची अंतरं आणि आवाज जुळवून घेणारी स्वयंचलित मोजणी पुन्हा करू का? पहिल्यांदा केली होती तेव्हा माइक सोफ्याच्या पाठीवर ठेवला होता.

पडघम, रविवार संध्याकाळी ७:३०

करायलाच हवी, जुने आकडे आता निरुपयोगी. पण माइक सोफ्याच्या पाठीवर नको. गादीवरून येणारा पडसादही त्यात मोजला जातो. कॅमेऱ्याच्या तिकाटण्यावर, कानाच्या उंचीवर, पहिलं मोजमाप मुख्य जागेवर. मग डावी-उजवीकडे, थोडं पुढे असे जितके बिंदू तो मागेल तितके द्या. पंखा, एसी बंद. तुम्ही खोलीबाहेर.

झाल्यावर आकडे स्वतः बघा, डोळे मिटून मान डोलवू नका. स्पीकरांची अंतरं टेपशी जुळतात का? सबचं अंतर खऱ्यापेक्षा चार-पाच फूट जास्त दाखवेल, ते बदलू नका. सबमधल्या इलेक्ट्रॉनिक्सला लागणारा उशीर तो अंतरात धरतो. पुढच्या उभ्या स्पीकरांना त्याने "लार्ज" (खर्जही त्यांनीच वाजवायचा) ठरवलं असेल तर "स्मॉल" (खर्ज सबकडे) करा, अपमान वाटून घेऊ नका. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबकडे जातात ती सीमा, ८० हर्ट्झ, मागचे फारच छोटे असतील तर त्यांना १०० किंवा १२०. आणि खोलीतला एखादा सूर तुमच्या जागी मेलेला असेल तर रिसीव्हर तिथे कितीही जोर लावू दे, तो येणार नाही. थेट आणि परतलेली लाट दोन्ही तितक्याच वाढतात आणि तितक्याच एकमेकींना मारतात. तिथे पुन्हा सोफा किंवा सबच हलवायचा.

एकटा_कावळा, रविवार संध्याकाळी ७:४५

आता एक खरं सांगू? मी पण ५.१ वालाच आहे. साउंडबार बहिणीकडे आहे.

रात्रीच्या वेळचं कुणी बोललंच नाही. सगळं जागच्या जागी बसवलं तरी सिनेमाचा आवाज मुळात मोठ्या प्रेक्षागृहासाठी मिसळलेला, कुजबुज आणि स्फोट यांत प्रचंड दरी. रिसीव्हरमध्ये ही दरी कमी करणारी डायनॅमिक रेंजची सोय असते, कुठे तिला नाइट मोड म्हणतात. रात्री दहानंतर लावा. आणि मोजणीनंतर सेंटर हाताने दोन डेसिबल वर चढवला तर पाप लागत नाही. शुद्धतावादी ओरडतील, त्यांना आई नसते.

तिसरी_घंटा, रविवार रात्री ८:०५

कावळेबुवा, दंडवत.

रिकामी_खोली, रविवार रात्री ८:३०

वरूनही आवाज यावा म्हणून छतातले ॲटमॉसचे स्पीकर लावायचे झाले तर?

पडघम, रविवार रात्री ८:४१

खालचे पाच जागेवर बसल्याशिवाय वर बघू नका. बसल्यावर एक जोडी लावायची तर डोक्याच्या वर, किंचित पुढे. पुढच्या दोन स्पीकरांच्या ओळीतच, त्याहून रुंद नको. बाजूचे दोन मग आणखी खाली, जवळपास कानाच्या उंचीला आणावे लागतात, नाहीतर वरचं आणि बाजूचं वेगळं कळतच नाही. छतावर आवाज आपटवून खाली आणणारे स्पीकर सपाट, टणक छताखालीच चालतात. उतरतं किंवा लाकडी जाळीचं छत असेल तर विसरा.

उपद्व्यापी, मंगळवार रात्री ११:१०

मोजणी झाली. सब खरा ११ फुटांवर, त्याने साडेपंधरा दाखवला, तुमच्या सांगण्यावरून गप्प बसलो. सेंटर दोन डेसिबल वर. आता सगळं ३४ वर चालतं.

एक नवीन कटकट निघाली होती, एका ठरावीक खोल सुरावर झिंग्-झिंग् असं काहीतरी. सब खराब झाला म्हणून घाबरलो. मग एकेका वस्तूवर हात ठेवत खोलीभर फिरलो. भिंतीवरची फोटोची चौकट निघाली, मागे चार कोपऱ्यांना नमद्याचे तुकडे चिकटवले, गप्प झाली. आधी सगळाच गोंगाट होता, त्यात ती ऐकूच येत नसावी.

आज सिनेमात पाऊस लागला. आई उठली आणि मागची खिडकी बंद करायला गेली. खिडकी बंदच होती.

गुणगुण, बुधवार सकाळी ८:५०

आमच्याकडे दगडी लोकर येतेय शनिवारी. तोवर सेंटरचं करून घेते. ते खोडरबर पुढच्या बाजूला लावले की मागच्या?

उपद्व्यापी, बुधवार सकाळी ९:०५

पुढच्या. तोंड वर व्हायला हवं. आणि मुलाची परीक्षा असेल तर नवे आणा, आमच्याकडे सोमवारी शोधाशोध झाली.